जर्मनीत शिकायला जाताय? पहिले तीन आठवडे कोणत्या क्रमाने काढायचे

जर्मनीत पोचल्यावर करायच्या कामांची यादी व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर फिरत असते. यादी बहुतेक वेळा बरोबरच असते, गोंधळ होतो तो क्रमात. बँकेला पत्त्याच्या नोंदणीचा कागद लागतो, नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले) पैसे सुटायला बँक खातं लागतं, आणि पुढचं भाडं त्या पैशांतून द्यायचं असतं. एक अडलं की मागची सगळी अडतात. या सगळ्याच्या मुळाशी आहे पत्ता. म्हणून पहिले तीन आठवडे आधी पत्ता पक्का करायचा आणि मग बाकीचं, एवढं धरून चाललात तर धावपळ निम्मी होते.

एपीएस (म्हणजे आपल्या पदवी-गुणपत्रिकांची जर्मनीसाठीची पडताळणी), प्रवेश आणि व्हिसा ही कामं उरकली आहेत असं धरून पुढचं लिहिलं आहे.

विमानाचं तिकीट काढतानाच

बहुतेक शहरांत विद्यार्थी वसतिगृहं श्टुडिरेंडेनवेर्क ही संस्था चालवते. चावी मिळते हाउसमाइस्टरकडून, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्या माणसाकडून. त्याची वेळ ठरलेली असते: आठवड्यातले अमुक दिवस, सकाळचे अमुक तास. शुक्रवारी रात्री दोन मोठ्या बॅगा घेऊन दारात उभे राहिलात तर सोमवारपर्यंत चावी विसरा. त्यामुळे सोमवार ते बुधवार सकाळी पोचेल असं विमान बघा आणि पोचण्याची तारीख ईमेलने कळवून उत्तर घ्या. हिवाळी सत्र बहुतेक विद्यापीठांत १ ऑक्टोबरला सुरू होतं, खोलीचा करारही बहुधा त्याच तारखेपासून असतो, आणि ३ ऑक्टोबरला जर्मन एकीकरणाची राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवशी दुकानंही बंद. चावीची तारीख जुळत नसेल तर सरळ दोन रात्रींसाठी यूथ हॉस्टेल घ्या. ग्रुपवर ओळख झालेल्या कुणाच्या तरी खोलीत गादी टाकण्यापेक्षा ते बरं, कारण पुष्कळ वसतिगृहांत पाहुणे ठेवण्यावर बंधनं असतात आणि त्रास त्या बिचाऱ्याला होतो.

फ्रँकफर्टला उतरून पुढे रेल्वेने जाणार असाल तर तिथे एक खाच आहे. डॉइच बान या रेल्वे कंपनीचं स्वस्त ‘श्पारप्राइस’ तिकीट त्या एका गाडीलाच बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला आणि गाडी चुकली तर तिकीट वाया. महाग ‘फ्लेक्सप्राइस’ तिकीट त्या दिवशी कुठल्याही गाडीला चालतं, किंवा उतरल्यावर तिकीट काढा. स्टेशनवर हमाल नसतो आणि लिफ्ट बंद असणं नवलाचं नाही. म्हणून जेवढं सामान एकट्याला जिन्यावरून एका खेपेत नेता येईल तेवढंच घ्या. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा विमान कंपनी नेऊ देते म्हणून त्या भरल्याच पाहिजेत असं नाही.

बॅगेत काय आणि काय नाही

हे आईसोबत बसून वाचावं असं प्रकरण आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, पनीर, खवा हे सगळं बाद. ताजी फळं-भाज्यासुद्धा रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, आणि त्यात कढीपत्त्याची जुडीही आली. नारळ, केळी, अननस, खजूर असे मोजके अपवाद आहेत. गोडा मसाला, लाल तिखट, हळद, पोहे, डाळी, मेतकूट हे नेता येतं. लोणचंही चालतं, फक्त बरणी फुटून पासपोर्ट तेलात भिजणार नाही अशी बांधा. तुपाचा हट्ट धरू नका. तिथे मीठ नसलेलं लोणी सुपरमार्केटात मिळतं, ते कढवलं की झालं.

कुकर घ्या, पण तळाशी नीट बघून. बऱ्याच खोल्यांत काचेच्या सपाट विजेच्या शेगड्या असतात, काही ठिकाणी इंडक्शन. तळ सपाट आणि इंडक्शनला चालणारा हवा. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० असल्याने मिक्सर चालतो, पण आपली तीन पिनांची जाड पिन तिथल्या सॉकेटात जात नाही. ॲडॅप्टर भारतातूनच दोन-तीन घ्या.

हातातल्या बॅगेत मूळ कागदपत्रं: पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस प्रमाणपत्र, पदवी आणि गुणपत्रिका, जन्मदाखला, विम्याचं पत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, भाडेकरार. चेक-इन बॅगेत यातलं काहीही नको. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह.

आणि भारतातला मोबाइल नंबर बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि नंबर जिवंत राहील इतपत रिचार्ज घरच्यांना करायला सांगा. तिथे पोचल्यावर हे सुरू करायला जाल तर ओटीपीसाठीच ओटीपी मागतील.

पैशाचं गणित सोपं आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो असले तरी ते महिन्याला ९९२ अशा हप्त्यांनीच सुटतात, आणि पहिला हप्ता हातात यायला काही आठवडे जाऊ शकतात. दरम्यान भाडं, डिपॉझिट, सत्राची फी, गादी-भांडी हा सगळा खर्च पुढ्यात येतो. फॉरेक्स कार्ड आणि रोख मिळून दीड-दोन हजार युरो वेगळे ठेवा, डिपॉझिट मोठं असेल तर त्याहून जास्त.

चावी हातात आल्यावर

खोलीत शिरलात की बॅग उघडायच्या आधी फोनचा कॅमेरा उघडा. भिंतीवरचे डाग, खिडकीचा तडा, गादीवरचे डाग, शेगडीवरचे ओरखडे, नळ, सगळ्याचे फोटो तारखेसह काढा. बऱ्याच ठिकाणी ‘यूबरगाबेप्रोटोकॉल’ नावाचा कागद भरून द्यायचा असतो. त्यात जे लिहिलं नाही ते तुम्ही सोडताना तुमच्या डिपॉझिटमधून वळतं होऊ शकतं. भाड्याच्या घरात डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं ‘काल्टमीटं’, म्हणजे वीज, पाणी, हीटिंग सोडून उरलेलं मूळ भाडं, एवढंच घेता येतं. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे, तेव्हा कुणी सहा महिन्यांचं मागितलं तर तिथून उठा.

त्यानंतरचं काम पाच मिनिटांचं आहे आणि सर्वांत महत्त्वाचं: खाली टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर तुमचं आडनाव लावा. आपल्याकडे पोस्टमन ‘अमक्यांच्या वरच्या मजल्यावर’ शोधत येतो. इथे पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, पत्ता कितीही अचूक असो. आणि जर्मनीत सगळं पत्रानेच येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्यात, विम्याचं कार्ड, करक्रमांक, सगळं. दुसऱ्या कुणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर पेटीवर नाव लावून मिळेपर्यंत पत्त्यात ‘केअर ऑफ’ लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव टाकायचं.

नावावरून आठवलं. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. जर्मन कार्यालयं पासपोर्टात जसं आहे तसंच उतरवतात. मग बँकेत फक्त पहिलं नाव, विम्यात पूर्ण नाव आणि विद्यापीठात तिसरंच असं झालं की प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावं लागतं. पहिल्याच फॉर्मपासून पासपोर्टाप्रमाणे, अक्षर न् अक्षर तेच लिहा. एखाद्याच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर ते भारतातच दुरुस्त करून घेतलेलं बरं.

आणखी एक: जर्मन दारं मागे ओढली की बाहेरून आपोआप बंद होतात. हँडल फिरवून उघडत नाहीत. चावी आत आणि तुम्ही बाहेर, नळावर पाणी भरायला गेलेले, ही घटना प्रत्येक वसतिगृहात घडते. रात्री कुलूपवाला बोलावला तर शंभर-दोनशे युरो सहज जातात, आणि इंटरनेटवर सर्वांत वर दिसणारा कुलूपवाला तर त्याहून जास्त उकळेल. चावी गळ्यात अडकवा. ती हरवली तर संपूर्ण इमारतीची कुलुपं बदलण्याचा खर्च मागितला जाऊ शकतो, म्हणून ‘हाफ्टफ्लिश्ट’ हा दायित्व विमा पहिल्याच महिन्यात घ्या. महिन्याला चार-पाच युरोंत मिळतो. घेताना चावी हरवण्याचा समावेश आहे का एवढं विचारा.

आनमेल्डुंग

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची सरकारी नोंदणी, म्हणजेच आनमेल्डुंग, करायची असा कायदा आहे. ती होते ‘ब्युर्गरआम्ट’ या नागरी कार्यालयात. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी परीक्षा. बर्लिन, म्युनिकसारख्या ठिकाणी दोन आठवड्यांतली तारीख मिळाली नाही तर घाबरू नका. मुदतीच्या आत तारीख घेतल्याचा ईमेल जपून ठेवा. शहराच्या संकेतस्थळावर पुण्यात किंवा नागपुरात बसूनसुद्धा तारीख घेता येते, त्यासाठी तिथे पोचलेलं असावं लागत नाही. सकाळी लवकर पान परत परत उघडलं तर रद्द झालेल्या वेळा दिसतात. शहराच्या कुठल्याही भागातलं कार्यालय चालतं, घराजवळचंच हवं असं नाही. अपॉइंटमेंट विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, ही सेवा फुकट आहे.

न्यायचे कागद: व्हिसासह पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि ‘व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. हा तिसरा कागद म्हणजे घरमालकाने सही करून दिलेलं ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते’ असं पत्र. नुसता भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही आणि याच कागदावाचून मुलं परत येतात. वसतिगृहात तो चावीबरोबरच मागून घ्या. खासगी घर घेताना तर पैसे देण्याआधी विचारा: ‘आनमेल्डुंगसाठी पत्र देणार ना?’ नाही म्हणाले तर ते घर कितीही स्वस्त असलं तरी तुमच्या कामाचं नाही. खोली न बघता, व्हिडिओ कॉलही न करता आगाऊ पैसे मागणारा तर घरमालक नव्हे, ठग. ‘मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो’ ही त्यांची ठरलेली गोष्ट.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. हिंदू, मुस्लिम, बौद्ध विद्यार्थ्यांना त्याने काही फरक पडत नाही. वसई किंवा गोव्याहून आलेल्या कॅथलिक मुलांनी मात्र समजून भरावा, कारण कॅथलिक अशी नोंद झाली की पुढे नोकरी लागून प्राप्तिकर कापला जायला लागल्यावर त्या कराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर वेगळा कापला जातो.

खिडकीवरून नोंदणीचा छापील कागद मिळतो. उठायच्या आधी नाव, जन्मतारीख, घर क्रमांक वाचून घ्या. स्पेलिंग चुकलं असेल तर तिथल्या तिथे एका मिनिटात दुरुस्त होतं, नंतर पुन्हा अपॉइंटमेंट. पुढच्या काही आठवड्यांत करक्रमांकाचं पत्र घरी येईल. तो क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. नोकरी देणारा पहिल्याच दिवशी तो मागेल.

बँक, विमा, विद्यापीठ

ही तिन्ही कामं एकाच आठवड्यात होतात. नोंदणीचा कागद आला की चालू खातं उघडा, त्याचा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीला कळवा, मग हप्ते सुरू होतात. ऑनलाइन बँका लवकर खातं उघडतात, पण भारतीय पासपोर्टवर त्यांची व्हिडिओ ओळखपडताळणी दरवेळी पार पडेलच असं नाही. अडलं तर गावातल्या श्पारकासे बँकेत पासपोर्ट घेऊन जा. थोडी फी असते, पण समोर माणूस असतो.

आरोग्य विम्याबाबत एकच गोष्ट ठासून सांगतो. तिशीच्या आत असाल तर सरकारी विमाव्यवस्थेतली कंपनी घ्या: टेके, आओके, बार्मर, कुठलीही. महिन्याला सुमारे दीडशे युरो जातात आणि ते खुपतं, हे खरं. पण खासगी स्वस्त पॉलिसीसाठी एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण चालू असेपर्यंत बहुधा परत येता येत नाही. प्रवास विमा वेगळा. तो विद्यार्थी विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांपुरता. विद्यापीठात नाव नोंदवण्यासाठी विमा कंपनी थेट विद्यापीठाला डिजिटल कळवते. ते गेलं की नाही हे कंपनीला विचारून घ्या, कारण नाव नोंदवणं तिथेच अडून बसतं.

विद्यापीठाची फी नसली तरी सत्रशुल्क असतं, शे-दीडशेपासून तीन-चारशे युरोपर्यंत. बहुतेक ठिकाणी त्यातच प्रवासाचा पास येतो. जर्मनीभर चालणारा पास असेल तर बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांत चालतो, वेगवान आयसीई गाडीत चालत नाही. पास हातात येईपर्यंत तिकीट काढा आणि कागदी तिकिटावर जिथे शिक्का मारायचं यंत्र असेल तिथे मारा. विनाशिक्का तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो. परदेशी आहे, माहीत नव्हतं, याचा उपयोग होत नाही.

स्वयंपाक, कचरा, रविवार

खोलीच्या छतावर धूरसूचक यंत्र असतं. मोहरी तडतडून हिंग-मिरचीची फोडणी करपली की ते बोंबलतं, आणि इमारतीच्या मुख्य यंत्रणेला जोडलेलं असेल तर अग्निशमन दल दारात येतं. त्याचं बिल तुमच्या नावावर निघू शकतं. फोडणी करताना खिडकी उघडा, चिमणी लावा, आणि धूर झालाच तर चुकूनही जिन्याकडचं दार उघडू नका, धूर तिकडच्या यंत्रापर्यंत जातो.

आल्डी, लिडल, पेनी ही स्वस्त दुकानं, रेवे आणि एडेका जरा महाग. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. मैद्याला जवळचं पीठ म्हणजे ४०५ नंबरचं. पोळ्यांची कणीक तुर्की किंवा आशियाई दुकानातच घ्या. चक्का मिळत नाही, पण ‘क्वार्क’ फडक्यात टांगून ठेवला की श्रीखंड बऱ्यापैकी जमतं. पाण्याच्या एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पावती मिळते. बाटल्या चेपू नका, यंत्र घेत नाही.

कागद निळ्या डब्यात, वेष्टनं पिवळ्यात, ओला कचरा तपकिरीत, उरलेला काळ्यात. रंग शहरागणिक थोडे बदलतात. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत, पण रविवारी नाही, आवाज होतो म्हणून. रविवारी दुकानं बंद, हे शनिवारी दुपारीच लक्षात ठेवा. रात्री दहानंतर मिक्सर नको.

पहिला रविवार जड जातो. त्या दिवशी खोलीत बसून घरी व्हिडिओ कॉल करत राहण्यापेक्षा बाहेर पडा. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, दिवाळीचा कार्यक्रम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येतो, स्वयंसेवक म्हणून नाव द्या. घरी फोनची वेळ ठरवताना ध्यानात घ्या: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, मग भारताशी अंतर साडेतीनवरून साडेचार तास होतं.

आजारी पडलात तर आधी फॅमिली डॉक्टर, रात्री-सुट्टीला ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. पोलिसांसाठी ११०.

व्हिसा संपण्याआधी

पासपोर्टावरचा व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, म्हणजे ‘आउसलेंडरबेहॉर्डे’त, वास्तव्य परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. तारीख तीन-चार महिन्यांनीही मिळते, म्हणून नोंदणी झाली त्याच आठवड्यात अर्ज करा. मुदतीत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचा मुक्काम कायदेशीर धरला जातो, आणि त्याचा पुरावा म्हणून ‘फिक्शन्सबेशायनिगुंग’ मागता येतं. अर्जाची पोच छापून ठेवा, आणि परवान्याचं कार्ड हाती येण्याआधी भारतात यायचं तिकीट काढण्यापूर्वी त्या कार्यालयाला लेखी विचारा. मे २०२५पासून परवान्यासाठी कागदी फोटो चालत नाही, डिजिटल लागतो. तो कार्यालयातल्या यंत्रावर किंवा मान्यताप्राप्त फोटो स्टुडिओत काढतात, तेव्हा भारतातून फोटोंची पाकिटं नेण्याची गरज नाही.

अर्धवेळ नोकरीची घाई पहिल्या महिन्यात करू नका, असं माझं मत. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि २०२६पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे, म्हणजे नोव्हेंबरात सुरू करूनही भरपूर मिळवता येतं. ऑक्टोबरात मात्र विषयांची नोंदणी, ओळखसत्रं, प्रयोगशाळेच्या जागा हे सगळं एकदम येतं आणि निसटलं तर सत्र जातं.

महिन्याभरात एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही म्हणून ते फसवणूक समजून फेकू नका. वर्गणी टीव्हीवर नाही, घरावर आहे. सामायिक घरात एकानेच भरायची असते. सहनिवाशांपैकी कुणी भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक लिहून ते पत्र परत पाठवा आणि आपला वाटा त्याला द्या. वसतिगृहात सामायिक मार्गिकेवर दार उघडणारी स्वतंत्र खोली असेल तर ती वेगळं घर धरली जाते, मग तुम्हालाच भरावी लागते.